काटा मधोमध होता

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकते. काटा मधोमध होता. इंजिन किती तापलंय ते दाखवणारा गाडीतला तो छोटा काटा. मी तो सदरहून निघताना पाहिला, छावणीच्या सिग्नलला पाहिला, आणि मानकापूरच्या चौकाजवळ गाडी बंद पडली त्याच्या जरा आधीही पाहिला. गेल्या उन्हाळ्यात हे वाक्य मी इतक्यांना ऐकवलं की मी तोंड उघडायच्या आतच घरचे लोक म्हणायला लागले, "हो बाई, मधोमध होता." ज्या सुरात ते म्हणायचे, त्या सुरानं माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मी सदरमध्ये एका डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते. दिवसभर लोकांना अंधाऱ्या खोलीत बसवायचं, समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावायची, 'ही काच चांगली की ती?' असं विचारत राहायचं, हे माझं काम. आणि अशा बाईला घरात म्हणतात, तुझं काट्याकडे लक्ष नव्हतं! माझ्या नजरेवरच संशय! राग येणार नाही तर काय होणार?

आम्ही चौघं कोराडी रोडला राहतो. मी, नवरा, सासू आणि सासरे. सासरे कोराडीच्या वीज केंद्रात मेंटेनन्सला होते. पंप, मोटारी, व्हॉल्व्ह, जे बंद पडेल ते उघडायचं आणि पुन्हा चालू करायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाले तरी हात गप्प बसत नाहीत. मिक्सर, पंखे, शेजाऱ्यांच्या इस्त्र्या, सगळं आमच्या पोर्चमध्ये उघडं पडलेलं असतं. गाडी तर त्यांच्या जिवाचा तुकडा. दर रविवारी तिचं बॉनेट उघडल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

मी ती गाडी चालवायला चाळिशी उलटल्यावर शिकले. माझं माहेर जुन्या शहरातल्या महाल वस्तीतलं. आमच्या गल्लीत समोरासमोर दोन स्कूटर आल्या तर एकीनं मागे जायचं, तिथे कार कोण घेणार? त्यामुळे लायसन्स हातात आलं त्या दिवशी मी इतकी खूश होते की दवाखान्यात पेढे वाटले. घरून सदर आणि सदरहून घर, तेवढा वेळ माझा एकटीचा. काच वर, रेडिओ चालू, कोणी हाक मारणारं नाही. त्या वेळात मी मोठ्यानं गाते. बेसूर गाते, पण गाते.

तर मे महिन्यातली ती दुपार. दवाखाना लवकर सुटला होता. आमच्याकडे मे महिन्यात भर दुपारी बाहेर पडणाऱ्याला लोक वेड्यात काढतात, पण घरी जायचं तर जायलाच हवं. एसी चालू होता. आधी एसीची हवा गरम यायला लागली. मी म्हटलं, बाहेर भट्टी पेटली आहे, एसी तरी काय करेल बिचारा. मग करपट वास आला. पुढे कोळशाचा ट्रक होता, मला वाटलं त्याचाच असेल. मग एकदम गाडीतला जीवच गेला. ॲक्सिलरेटर दाबते तर काही नाही, आतून टकटक आवाज, एक हिसका, आणि बंद. बॉनेटच्या फटीतून वाफ. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण त्याही वेळी मी काट्याकडे पाहिलं, बरं का. मधोमध. जणू काही झालंच नाही!

नवरा एका मेकॅनिकला घेऊन आला. त्यानं किल्ली फिरवली, नुसतं 'खट' झालं. बॉनेट उघडून आत वाकला, हात पुसत नवऱ्याला म्हणाला, "इंजन सीज है साहब. मॅडम ने गरम गाडी खींच दी. काँटा देखा नहीं होगा." मी तिथेच दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला एका शब्दानं विचारलं नाही त्यानं. दुसरं इंजिन टाकून घ्या, हे जाम झालेलं उघडण्यात अर्थ नाही, असं सांगून तो निघून गेला. गाडी दोराला बांधून घरी आली.

घरी पोचले तर सासूबाईंचे फोन सुरू. आधी माझ्या वर्ध्याच्या नणंदेला, मग काटोलच्या दिराला, मग स्वतःच्या मावसबहिणीला. "सुनेनं गाडी जाळली वं! एसीच्या थंड्या हवेत बसली होती, काट्याकडे पाह्यलंच नाई." माझ्या समोर! नवरा मला समजावायला आला. म्हणाला, "जाऊ दे ना. होतं असं. कोणाचंही लक्ष राहत नाही कधीकधी." हे तर आणखीच वाईट. सासूबाई निदान भांडत होत्या, हा तर मला माफ करून मोकळा झाला. मी काही केलंच नाही तर माफी कसली देतोस रे बाबा?

त्याच रात्री जेवताना मी सांगून टाकलं. गाडी दुरुस्त होवो की नवी येवो, जोवर या घरात माझं खरं मानलं जात नाही, तोवर मी स्टिअरिंगला हात लावणार नाही. बसनं जाईन, ऑटोनं जाईन, उन्हात भाजून निघेन, पण हात लावणार नाही. सासूबाईंनी भाजी वाढली. मला वाटत होतं कोणीतरी म्हणेल, 'अगं असं कसं, आमचा विश्वास आहे.' कोणी म्हटलं नाही.

सासरे तेवढे वेगळं वागले. त्यांनी मला जेवणानंतर पोर्चमध्ये बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं. एसी आधी गरम झाला की वास आधी आला? टकटक वरून येत होती की खालून? वाफ बंद पडल्यावर की आधी? मी सांगत गेले, ते मान हलवत गेले. शेवटी मी विचारलं, "बाबा, तुम्हाला काय वाटतं? मी काटा पाहिला असेल की नसेल?"

"मले काई वाटत नाई," ते म्हणाले. "उघडल्यावर पाहू."

घ्या! ज्यांच्याकडून आशा होती त्यांचं हे. मी तिथून उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जाहीर केलं की गाडी गॅरेजला जाणार नाही. दुसरं इंजिन येणार नाही. ते हेच इंजिन स्वतः उघडणार. नवरा म्हणाला, "बाबा, तुमची कंबर..." तर त्याला हातानंच गप्प केलं. "दुसरं इंजिन टाकलं तर मंग हे काहून बिघडलं ते कसं कळन? बिघाड तसाच राहते, फक्त आपल्याले दिसत नाई."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आन् तू रोज सकाळी इथं पाह्यजे. जुना ड्रेस घालून. तू ड्यूटीवर होती. तुह्यासमोर उघडीन, तुह्या हातानं."

त्यांच्या खात्यात म्हणे रीत होती. मशीन बंद पडली की ती उघडेपर्यंत कोणी कारण तोंडातून काढायचं नाही. आणि उघडताना ड्यूटीवरच्या ऑपरेटरला बोलवायचं. मला वाटलं, हा तर पंचनामा झाला. चोराला नेतात ना जागा दाखवायला, तसं. पण मी म्हटलं, ठीक आहे. नेऊ द्या. मला काय भीती?

आमच्या शेजारचे काका त्याच वीज केंद्रातले, पण ऑपरेशनचे. म्हणजे मशीन चालवणारे. आता ज्यांनी प्लँटमधली माणसं पाहिली नाहीत त्यांना सांगते, चालवणारे आणि दुरुस्त करणारे यांचं कधीच पटत नाही. मशीन बंद पडली की चालवणारे म्हणतात यांनी नीट दुरुस्त केली नाही, दुरुस्त करणारे म्हणतात यांनी नीट चालवली नाही. दोघंही रिटायर होऊन किती काळ लोटला, घरं शेजारी, एकमेकांच्या घरचं खातात, पण हे भांडण चालूच. त्यामुळे काका पहिल्याच दिवशी खुर्ची घेऊन आमच्या पोर्चमध्ये हजर. मला म्हणाले, "सूनबाई, घाबरू नको. ऑपरेटर कधी खोटं बोलत नसते. मी आहो तुह्या बाजूनं."

सासरे पान्यावरून नजर न काढता म्हणाले, "हे ऐकून ऐकून माह्ये केस पिकले."

मग आमच्या सकाळी अशा जायला लागल्या. उजाडलं की चहा घ्यायचा आणि पोर्चमध्ये यायचं. ऊन पायरीवर चढलं की काम बंद. मग मी आंघोळ करून बसनं दवाखान्यात. नखांतलं काळं काही निघायचं नाही. पेशंटच्या डोळ्यांसमोर काचा धरताना मी बोटं मुडपून घ्यायची. एका आजोबांनी विचारलंच, "बाई, तुम्ही शेती करता काय?" मी म्हटलं, "नाही, इंजिन उघडते." त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे.

पहिल्या दिवशी ऑइल काढलं. खालचा बोल्ट सैल केला तर काळं ऑइल यायच्या ऐवजी दुधाळ चहासारखं काहीतरी घमेल्यात पडायला लागलं. काका खुर्चीतून उठले. "पाणी शिरलं." सासऱ्यांनी डोळे वटारले. "उघडेपर्यंत बोलायचं नाई." काका पुन्हा बसले.

नंतर पाइप, वायरी, प्लग, वरचं झाकण. सासरे सांगायचे, मी करायची. कुठे पाना लावायचा, कुठे बोल्टच्या डोक्यावर बसणारी गोटी लावायची, किती जोर द्यायचा. एकेक बोल्ट निघाला की तो आंब्याच्या पेटीच्या पुठ्ठ्यात भोक पाडून, इंजिनवर जिथे होता तिथेच खोचायचा, म्हणजे लावताना चूक होत नाही. ही युक्ती त्यांची. मला ती इतकी आवडली की दवाखान्यात चष्म्याच्या फ्रेमचे छोटे स्क्रू मी आता तसेच ठेवते.

आणि खरं सांगू? मला ते काम आवडायला लागलं होतं. रागाच्या भरात सुरू केलं होतं, पण आवडायला लागलं. घट्ट बसलेला बोल्ट दोन्ही हातांनी ओढून एकदम 'कर्र' करून सुटतो ना, त्यात काय सुख आहे! सासरे म्हणायचे, "वा! जमलं पोरीले!" आणि मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटायचं. मग मला आठवायचं की हे तेच, ज्यांना 'काही वाटत नाही'. पुन्हा फुगून बसायची.

मग हेड उघडायचा दिवस आला. हेड म्हणजे इंजिनचा वरचा जड भाग, पिस्टनच्या डोक्यावर झाकणासारखा बसतो तो. त्याचे बोल्ट कडेकडून सैल करत मध्ये यायचं असतं. शेवटचा बोल्ट निघाल्यावर एका बाजूनं नवरा, एका बाजूनं मी, असं आम्ही ते उचलून जुन्या गोधडीवर ठेवलं. सासूबाईही पन्ह्याचे पेले घेऊन बाहेर आल्या. सगळे वाकून पाहायला लागले.

हेडच्या आणि इंजिनच्या मध्ये जी पातळ गास्केट असते, ती एका जागी जळून कोळसा झाली होती. तिथूनच पाणी ऑइलमध्ये शिरलं होतं. सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे. सासऱ्यांनी स्टीलची पट्टी हेडवर आडवी धरली आणि मला खालून पाहायला सांगितलं. पट्टीच्या खालून उजेड येत होता. म्हणजे हेड वाकलं होतं. लोखंड वाकेपर्यंत तापलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "मंग? गरम झालंच होतं ना? मी काय येगळं म्हनत होती?"

मी म्हटलं, "आई, गरम झालं नाही असं मी कधी म्हटलं? मी म्हटलं, काटा मधोमध होता!"

"इतकं गरम झाल्यावर काटा मधोमध कसा राहीन वं?"

नवरा फडक्याला हात पुसत राहिला. काकासुद्धा पन्ह्याच्या पेल्यात पाहत बसले. सासऱ्यांकडे पाहिलं, तर ते चष्मा पुसत होते. माझा धीरच सुटला. मी पाना खाली आपटला आणि आत जाऊन बाथरूमचा नळ सोडून रडले. वाटलं, खरंच पाहिला होता ना मी? की पाहिल्यासारखा वाटला? लोक इतकं ठासून सांगतात की माणसाला स्वतःवरच शंका यायला लागते. दवाखान्यात रोज पाहते मी हे. पेशंटला अक्षर स्वच्छ दिसत असतं, पण मी दुसऱ्यांदा विचारलं की तो गडबडतो आणि बरोबर असलेलं उत्तर बदलतो.

दारावर टकटक झाली. सासऱ्यांचा आवाज. "बाहेर ये. ड्यूटी संपली नाई अजून."

"मला नाही यायचं बाबा. काय पाहायचं ते दिसलं सगळ्यांना."

"अर्धंच दिसलं. इंजिन गरम झालं हे कळलं. काहून झालं, आन् काट्यानं काहून सांगितलं नाई, हे कुठं कळलं? उद्या सकाळी ये."

दुसऱ्या दिवशी मी जाणारच नव्हते. पण सवयीनं जाग आली, आणि पोर्चमधून पान्यांचा आवाज यायला लागला, तर पाय आपोआप तिकडे वळले. काका आलेले होते. सासूबाई तिथेच पायरीवर बसून मेथी निवडत होत्या.

हेडच्या एका टोकाला एक छोटी डबी बसवलेली असते. इंजिनमधलं गरम पाणी तिच्यातूनच रेडिएटरकडे थंड व्हायला जातं. त्याच डबीत तो सेन्सर असतो, जो पाणी किती गरम आहे ते काट्याला कळवतो. सासऱ्यांनी पाना माझ्या हातात दिला. मी डबीचे बोल्ट काढले. डबी चिकटून बसली होती, तिला हलकेच ठोकत ठोकत सोडवली. उघडली आणि उलटी केली.

आतून काही पडलं नाही. डबी गच्च भरलेली होती. पांढरट क्षार, आणि त्यात गुंतलेल्या बारीक, तपकिरी काड्या. चिमणी घरटं बांधते तसा गुंता. सेन्सरचं टोक त्या गुंत्यात असं बुडलेलं होतं की दिसतही नव्हतं. सासऱ्यांनी चिमट्यानं एक काडी ओढली. उजेडात धरली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांचं तोंड उतरत गेलं.

सासूबाई मेथीची जुडी तशीच हातात धरून उठल्या. वाकून पाहिलं आणि ओरडल्या, "अवो! हा तर आपल्या कूलरचा वाळा!"

आम्हाला सगळ्यांनाच एकदम कळलं होतं.

उन्हाळा लागला की आमच्याकडे कूलर निघतात, त्यांना वाळ्याच्या नव्या ताट्या लागतात, टाकीत छोटा पंप बसतो, तो पाणी वर चढवतो आणि ताट्यांवर सोडतो. वाळ्याचा भुगा सतत त्या टाकीत पडत असतो. आणि सासऱ्यांनी एक शक्कल काढली होती. उन्हाळ्याच्या तोंडावर गाडीचा रेडिएटर धुवायचा असतो. कंबर दुखते, बादली उचलून ओतवत नाही, म्हणून त्यांनी कूलरचा तो पंप काढून बादलीत सोडला आणि त्याची नळी रेडिएटरच्या तोंडात घातली. बोअरचं पाणी खळखळ आत जाऊन खालून बाहेर. केवढे खूश झाले होते! मला, नवऱ्याला, काकांना, दूधवाल्यालासुद्धा हात धरून आणून दाखवलं होतं. पंपाच्या पोटात वाळ्याच्या काड्या असतील हे त्यांच्या लक्षात आलं नाही. ना आमच्या कोणाच्या आलं. आम्ही तर टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या काड्या आत गेल्या, क्षारानं एकमेकींना धरून बसल्या, पाण्याची वाट अडली. इंजिन तापत गेलं. आणि सेन्सर त्या गुंत्यात गोधडी पांघरल्यासारखा बसला होता, त्याला आच लागलीच नाही. त्यानं काट्याला सांगितलं, सगळं ठीक आहे. काट्यानं मला सांगितलं, सगळं ठीक आहे.

सासरे गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू उभे राहिले. कंबर सरळ केली. घरच्या बनियनवरच होते, पण उभे असे राहिले की समोर साहेब बसले आहेत.

"ऑपरेटरची चूक नाई," ते म्हणाले. "काटा मधोमधच होता. मेंटेनन्सची चूक हाय. माह्या हातानं झालं."

काका खुर्चीच्या कडेवर आले. "काय म्हनला? पुन्हा बोल."

"ऐकलं तू."

"नाई गा, माह्या कानात मळ हाय. पुन्हा बोल ना."

"मेंटेनन्सची चूक!" सासरे ओरडले. रस्त्यानं जाणाऱ्या भाजीवाल्यानं वळून पाहिलं. काकांना आधी हसू फुटलं, मग खोकला आला, मग डोळ्यांतून पाणी. "सारी नोकरी गेली हे ऐकायसाठी," ते म्हणाले, "आन् ऐकलं कुठं, तर पोर्चमध्ये!" ते तसेच चप्पल घालून चौकात गेले आणि सगळ्यांसाठी तर्री पोहे घेऊन आले. त्या आनंदात शेव विसरले, म्हणून परत गेले.

सासूबाईंनी पोह्याची प्लेट माझ्या हातात दिली आणि माझ्याजवळच बसल्या. "माह्यं चुकलं वं," म्हणाल्या. "तू सांगत होती आन् मी ऐकलंच नाई. सगळ्यायले फोन मीच केले ना? आता मीच करते." आणि केले. वर्धा, काटोल, मावसबहीण, त्याच क्रमानं, त्याच उत्साहानं. "अवं, सुनेनं नाई, ह्यायनं जाळली गाडी! कूलरच्या पंपानं!" सासरे खोलीतून ऐकत होते आणि डोक्याला हात लावत होते. नवरा मला म्हणाला, "मी 'जाऊ दे' म्हणायला नको होतं." मी म्हटलं, "नकोच होतं." मग दोघंही हसलो.

पुढचं काम सोपं होतं. हेड वर्कशॉपमध्ये नेऊन सरळ करून आणलं, सिलिंडर घासून घेतले, नवी गास्केट आली, पाण्याच्या सगळ्या वाटा साफ झाल्या. पुठ्ठ्यावरचा एकेक बोल्ट काढून मी पुन्हा लावला. ज्या सकाळी इंजिन पहिल्यांदा चालू झालं, त्या सकाळी सासूबाईंनी बॉनेटला हळदीकुंकू वाहिलं आणि आम्ही सगळे नुसते तो आवाज ऐकत उभे राहिलो. इतका मऊ आवाज त्या गाडीचा मी कधी ऐकला नव्हता. मला फार फार आनंद झाला होता.

पण मनात एक कुसळ होतंच. म्हटलं तर सगळं मिळालं होतं. सगळ्यांनी मानलं होतं. पण त्यांनी मानलं ते इंजिनाचं. इंजिन उघडलं नसतं, किंवा मेकॅनिकचं ऐकून भंगारात दिलं असतं, तर मी जन्मभर गाडी जाळणारी सूनच राहिले असते ना? माझ्या शब्दाला एकट्याला काही किंमत नव्हती. हे मला बोचत होतं, आणि बोचलेलं मी पोटात ठेवू शकत नाही, तो माझा स्वभावच नाही.

सोमवारी मी गाडीनं दवाखान्यात निघाले तर सासरे शेजारी येऊन बसले. आवाज नीट आहे ना पाहायचं म्हणे. कोराडी रोडवर अजून गर्दी नव्हती. मी म्हटलं, "बाबा, एक विचारू? राग नका मानू. इंजिननं सांगितलं तेव्हा तुम्ही माझं मानलं. त्याच्या आधी तुम्हाला मी खरी वाटत होते की नाही?"

त्यांनी काच खाली केली. मग म्हणाले, "आमच्या इथं मशीन उघडताना ऑपरेटरले बोलवत, हे सांगितलं होतं ना मी तुले? पन सगळ्यायले नाई. ज्याच्यावर डाउट असन, त्याले शेडच्या बाहेर उभं करत. आत आला तर काई काढून टाकीन, पुसून टाकीन. ज्याच्यावर भरोसा असन त्यालेच आत घेत." मग स्टिअरिंगवरच्या माझ्या हातांकडे बोट दाखवून म्हणाले, "तुह्या हाती तर मी पहिल्या दिवशी पाना देल्ला."

मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला.

"मी नुसता बोलून दाखवला असता भरोसा," ते म्हणाले, "तर काय झालं असतं? लोक म्हनले असते, सासरा सुनेची बाजू घेऊन राहिला. तुले ते जन्मभर माह्ये उपकार वाटले असते. म्हनून उघडलं. तुह्यासाठी नाई, बाकीच्यायसाठी."

समोरचा रस्ता मला दिसेनासा झाला. मी इंडिकेटर दिला, गाडी कडेला एका कडुनिंबाखाली घेतली आणि थांबवली.

"काहून थांबली?" ते दचकून म्हणाले. "काई आवाज आला काय?"

"नाही बाबा. मला रडू येतंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सीट जराशी मागे केली, कंबर टेकवली आणि म्हणाले, "रड मंग. आपल्याले काई घाई नाई."